टीझेडएम-बीएल चाचणी

एचआयव्हीला पेशीत शिरू न देणारी प्रतिपिंडे एखाद्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) आहेत का आणि ते सीरम किती पट विरल केले तरी ती काम करतात, हे मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी. एचआयव्ही लसींच्या चाचण्यांत प्रतिपिंडांचे निकाल बहुधा तिच्याच आकड्यांत मांडले जातात.

टीझेडएम-बीएल पेशी हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींपासून तयार केल्या आहेत. विषाणूला आत शिरायला लागणारी सीडी४, सीसीआर५ आणि सीएक्ससीआर४ ही तिन्ही ग्राहके (पेशीवरची प्रथिने, ज्यांना विषाणू चिकटतो) त्यांच्यावर असतात. आत काजव्याच्या ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक एचआयव्हीच्या एलटीआर या नियंत्रक भागाला जोडलेले असते. विषाणू आत आला, त्याच्या आरएनएचा डीएनए होऊन तो गुणसूत्रात बसला आणि एलटीआरला चालना देणारे विषाणूचे टॅट प्रथिन बनले, की हे जनुक चालू होते. जितकी लागण जास्त, तितका प्रकाश जास्त.

जिवंत विषाणूऐवजी सहसा स्यूडोव्हायरस, म्हणजे प्रयोगशाळेत जुळवलेला नकली विषाणू, वापरतात. २९३टी या मानवी पेशींमध्ये दोन प्लाझ्मिडे (डीएनएची छोटी वर्तुळे) घालतात: एकात हव्या त्या रुग्णाच्या विषाणूचे एन्व्हलप, म्हणजे बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाचे, जनुक, दुसऱ्यात एन्व्हलप काढून टाकलेला उरलेला एचआयव्ही. दोन दिवसांनी वरचे माध्यम ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून उणे ८० अंशांवर ठेवतात. असा विषाणू एकदाच लागण करतो, पुढे पसरत नाही. पुन्हापुन्हा वितळवला तर त्याची ताकद घटते. म्हणून तो छोट्या कुप्यांत भरतात आणि प्रत्येक बॅचचे टायटर (लागण करण्याची ताकद) वेगळे काढतात.

सीरम आधी ५६ अंशांवर अर्धा ते एक तास तापवून त्यातले कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिने) निकामी करतात. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये २० पटीपासून तिपटीने आठ विरलता केल्या, तर शेवटची ४३,७४० पट येते. प्रत्येक वेलमधल्या १०० मायक्रोलिटरवर ५० मायक्रोलिटर विषाणू घालून प्लेट तासभर ३७ अंशांवर ठेवतात, मग विषाणूची लागण वाढवणाऱ्या डीईएई-डेक्स्ट्रानसह १०,००० पेशी घालतात. विरलता मोजायची ती पेशी घालण्याआधीच्या १५० मायक्रोलिटरवर. हा संकेत न पाळणाऱ्या प्रयोगशाळेचे आकडे इतरांशी जुळत नाहीत. ४८ तासांनी वरचे माध्यम काढून ल्युसिफरेजचे अभिकर्मक घालतात, दोन मिनिटे थांबतात आणि द्रव काळ्या प्लेटमध्ये हलवून ल्युमिनोमीटरवर वाचतात.

एका स्तंभात फक्त पेशी, दुसऱ्यात सीरमविना पेशी आणि विषाणू. पहिल्याचे वाचन सगळीकडून वजा केल्यावर दुसऱ्याच्या तुलनेत प्रकाश ज्या विरलतेला निम्मा होतो, ती आयडी५०. विषाणूच्या स्तंभाचे वाचन नुसत्या पेशींच्या किमान दहापट आले नाही, तर प्लेट रद्द धरावी.

खोट्या निकालांची कारणे बहुतेक नमुन्यातच असतात. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) घेणाऱ्याच्या रक्तातली औषधे विषाणूच्या आरएनएचा डीएनए करणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज किंवा तो गुणसूत्रात बसवणारे इंटिग्रेज रोखतात. मग टॅट बनत नाही, प्रकाश घटतो आणि प्रतिपिंडे नसतानाही ती असल्यासारखी दिसतात. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन घातलेला प्लाझ्मा विषाणूला अडवतो, तर त्याच कामासाठी वापरले जाणारे ईडीटीए पेशींना मारते. शक्य तिथे सीरमच घ्यावे. खात्रीसाठी त्याच सीरमवर उंदराच्या ल्युकेमिया विषाणूचे एन्व्हलप असलेला स्यूडोव्हायरस चालवतात. तोही अडला, तर अडवणारा घटक एचआयव्हीविरोधी प्रतिपिंड नव्हे. प्लेटच्या कडेच्या वेलमधले माध्यम उडून जाते, तिथली वाचने भरवशाची नसतात.

कोणता विषाणू वापरला हे न सांगता दिलेला आयडी५० निरर्थक आहे. प्रतिपिंडांनी किती सहज अडतात यावरून विषाणूंच्या टियर, म्हणजे पातळ्या, ठरवल्या आहेत. टियर १ चे विषाणू सहज अडतात. लोकांत फिरणारे बहुतेक टियर २ चे असतात आणि लसीची खरी कसोटी तिथे लागते. भारतातली बहुतांश लागण सी उपप्रकाराची आहे, त्यामुळे इथल्या लसीचे मोजमाप त्या उपप्रकाराच्या विषाणूंवर झाले पाहिजे. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत २००५ साली सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या एचआयव्ही लस चाचणीतली लसही सी उपप्रकारावरच बेतलेली होती.

टीझेडएम-बीएल पेशींवर एफसी ग्राहके (प्रतिपिंडाचे शेपूट पकडणारी प्रथिने) नसल्याने प्रतिपिंडांचे दुसरे काम, म्हणजे लागण झालेली पेशी मारक पेशींकडून मारवणे, इथे दिसतच नाही. थायलंडमधल्या आरव्ही१४४ या चाचणीतल्या लसीने २००९ साली ३१.२ टक्के संरक्षण दाखवले, पण टियर २ विषाणूंवर तिच्या सीरमचा प्रभाव जवळपास नव्हता. धोका कमी असण्याशी नाते सापडले ते एन्व्हलपच्या व्ही१व्ही२ भागाला चिकटणाऱ्या आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांचे. उलट व्हीआरसी०१ हे प्रतिपिंड शिरेतून देणाऱ्या एएमपी चाचण्यांचे २०२१ साली प्रसिद्ध झालेले निकाल टीझेडएम-बीएल चाचणीच्या बाजूने गेले. एकूण लागण लक्षणीय घटली नाही. मात्र ज्या विषाणूंना ८० टक्के रोखायला मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमहून कमी प्रतिपिंड पुरत होते, त्यांच्याविरुद्ध सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. तेव्हापासून आयडी५० च्या जोडीला ८० टक्क्यांच्या पातळीलाही वजन आले आहे.