खिशातल्या चाकूचं पाणी

फेब्रुवारीत दिंडोरीचा भाचा घरी आला तो द्राक्षांची पेटी आणि कुरिअरचं एक पाकीट घेऊन. पेटी मामीच्या हवाली झाली, पाकीट माझ्यासमोर आलं. आत घडीचा चाकू. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, मुठीला पितळी टोप्या, आणि हातात घेतला तर चांगला वजनदार. "मामा, डमास्कस पोलाद आहे. साठ हार्डनेस आहे म्हणे. तुम्ही जन्मभर हेच मोजलंत, जरा बघा ना."

मी नाशिकच्या सातपूरमधल्या एका टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अठरा भट्टीजवळ, हार्डनिंग-टेंपरिंगमध्ये, म्हणजे पोलाद तापवून कठीण करायचं आणि मग त्याचा ठिसूळपणा कमी करायचा, या कामात. त्यामुळे घरात कोणी चाकू, कात्री, अडकित्ता काहीही आणलं की तपासणीला माझ्याकडेच येतं. मी चाकू उघडला आणि मामीकडे एक पेरू मागितला.

नक्षीचं पातं पेरूत बोटभर गेलं आणि मग पेरू कापला न जाता टचकन तडकला. दोन वेड्यावाकड्या फोडी ताटात पडल्या. मग मी माझा खिशातला चाकू काढला, वीसेक वर्षांचा, मूठ झिजलेली. त्याने पापडासारखी पातळ चकती निघाली, पलीकडचा उजेड दिसेल अशी. भाचा म्हणाला, "माझ्याची धार गेलीय का?" धार गेली नव्हती. त्याच्या चाकूने मी मनगटावरचे केस उडवून दाखवले. तरीही पेरू कापताना तो पाचरीसारखा वागला, कारण तो पाचरच होता.

चाकू घेताना लोक पोलादाचं नाव विचारतात, मुठीचा रंग बघतात. पातं किती जाड आहे, हे फार थोडे बघतात. मायक्रोमीटर घरात आहेच, म्हणून मोजलं. धारेपासून एक मिलिमीटर वर त्याच्या पात्याची जाडी ०.९ मिलिमीटर, माझ्याची ०.३५. धार फक्त चीर सुरू करते. पुढचं सगळं काम म्हणजे त्या चिरेत पात्याचं अंग शिरवणं. अंग जाड असेल तर ते दोन्ही बाजूंना रेटत जातं आणि पेरू, गाजर, कच्ची कैरी असल्या कडक गोष्टी धारेच्या पुढेच फाटतात.

आता धारेचं गणित करू. चांगल्या लावलेल्या धारेची कड साधारण एक मायक्रॉन रुंद असते, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. पात्याची दोन सेंटिमीटर लांबी फळावर टेकली आहे आणि तुम्ही एक किलो वजनाइतका जोर दिला आहे असं धरा. एवढ्याशा कडेवर दाब येतो तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाच हजार पट. धार बोथट होऊन कड वीस मायक्रॉनची झाली की तोच दाब अडीचशे पटीवर येतो. मग आपण जोर वाढवतो, चाकू सटकतो आणि बोट कापतं. बोथट चाकूच जास्त कापतो असं माझी आई म्हणायची, ते याच हिशेबाने.

कापताना नुसतं दाबायचं नाही, ओढायचंही, हे कुणी शिकवावं लागत नाही. टोमॅटोवर सुरी दाबली तर तो चेपतो, हलकेच ओढली तर साल लगेच सुटते. २०१२ साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी अगरच्या जेलीवर तार फिरवून याचा अभ्यास केला. सरळ दाबलं की सगळा पदार्थ खोलवर दबत जातो आणि चीर पडायला बराच जोर लागतो. तारेला आडवी ओढ दिली की ताण पृष्ठभागाजवळ एकवटतो आणि थोड्या जोरातच चीर पडते. म्हणून पात्याला ओढायला पुरेशी लांबी हवी. सात-आठ सेंटिमीटर पुरतात. त्याहून लांब पातं खिशात ओझं होतं, आणि पुढे कायद्याकडे येतोच, तिथेही अडचणीचं.

नाशिकच्या माणसाने कांद्याचं नाव न काढता चाकूवर लिहिणं बरं दिसत नाही. कांद्याची पेशी फुटली की आतलं गंधकाचं संयुग आणि विकरं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा पदार्थ तयार होतो, इतकं शाळेत वाचलेलं असतं. २०२५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी छोटं गिलोटिन करून कांदे कापले आणि उडणाऱ्या थेंबांचं वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं. पातं बोथट असेल तर कांद्याची वरची त्वचा आधी वाकते, आत दाब साठतो, आणि ती फुटली की थेंब जास्त संख्येने आणि जास्त वेगाने उडतात. लासलगावच्या बाजूला लग्नाच्या जेवणावळीला कांदा चिरणाऱ्या बायका आधी सुरी घासून घेतात, त्यांना गिलोटिनची गरज पडली नव्हती.

तर भाच्याचा साठ आकडा. हा रॉकवेलच्या सी मापावरचा आकडा. अमेरिकेत कनेटिकटमध्ये बेअरिंगच्या कड्या तपासायला ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी हे यंत्र काढलं. १९१४ मध्ये अर्ज केला, १९१९ मध्ये पेटंट मिळालं. हिऱ्याचा १२० अंशांचा शंकू पोलादावर आधी दहा किलोच्या भाराने टेकवायचा, मग भार दीडशे किलोपर्यंत न्यायचा, पुन्हा दहावर आणायचा, आणि खड्डा किती वाढला ते बघायचं. दर दोन मायक्रॉन खोलीला शंभरातून एक अंक वजा. म्हणजे ५८ आकड्याच्या पोलादात हिरा ८४ मायक्रॉन जातो, ६० च्या पोलादात ८०. ज्या दोन अंकांसाठी जाहिरातीत भांडण चालतं ते चार मायक्रॉन. यंत्राच्या मोजणीतच एखाद्या अंकाचा फरक पडतो, हे आम्ही रोज बघायचो.

अंबडला जुन्या सहकाऱ्याचं वर्कशॉप आहे. तिथे भाच्याचा चाकू मोजला. आला ५३. पात्याच्या एका कोपऱ्यावर बारीक पॉलिश पेपर मारला तर लाटाही गेल्या. नक्षी वरवर कोरलेली होती. खरं डमास्कस म्हणून जे पोलाद युरोपात गाजलं त्याच्या वड्या दक्षिण भारतातून जायच्या, मुशीत वितळवलेल्या. त्यातली नक्षी पोलादाच्या पोटात असते. ती घासून जात नाही, गेली तरी आम्लाने पुन्हा वर येते. भाच्याचं तोंड पडलं, पण ५३ हा काही गुन्हा नाही. गुन्हा साठ म्हणून विकण्याचा.

कठीण म्हणजे चांगलं, असं सरळ नसतंच मुळी. लोहार कोयत्याला पाणी देतो म्हणजे काय करतो? पोलाद साधारण ८०० अंशांवर लाल झालं की लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. हळूहळू गार केलं तर कार्बन बाहेर पडून आपल्या जागी जाऊन बसतो. पाण्यात किंवा तेलात झटकन बुडवलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अणूंच्या जाळीत अडकतो, जाळी ताणली जाते. या अवस्थेला जर्मन धातुशास्त्रज्ञ अडॉल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती अत्यंत कठीण, आणि काचेसारखी ठिसूळ. असा चाकू फरशीवर पडला तर तुकडा उडेल. म्हणून पुन्हा १५०-२०० अंशांवर तापवायचं, थोडा ताण सोडायचा. कठीणपणाचे दोन-चार अंक देऊन चिवटपणा विकत घ्यायचा, असा तो सौदा. माणसाचं पाणी जोखतो म्हणतात, त्यातलं पाणी कुठून आलं हे मला भट्टीजवळ उभं राहिल्यावर कळलं.

हे सगळं माहीत असून मी स्वतः एकदा माती खाल्ली. वडिलांचा जुना साधा कार्बन पोलादाचा चाकू होता. दगडावर बसायचा कंटाळा, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बेंच ग्राइंडरवर धरला. ठिणग्या छान उडाल्या. पात्याच्या टोकाशी आधी पेंढ्यासारखा पिवळा रंग आला, मग तपकिरी, जांभळा, आणि मी हात मागे घेईपर्यंत मोरपंखी निळा. हे रंग म्हणजे तापलेल्या पोलादावरचा ऑक्साइडचा पातळ थर. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसतात त्याच जातीचे, थराच्या जाडीप्रमाणे बदलणारे. निळा म्हणजे साधारण तीनशे अंश, म्हणजे पाणी उतरलं. ते टोक पुढे कधीच धार धरेना. भट्टीवरच्या माणसाने बापाचा चाकू जाळला ही गोष्ट खात्यात बरीच वर्षं चालली.

धार जाते तरी कशी? कड वाकते, झिजते किंवा तिचे कपचे उडतात. २०२० साली एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असलेला दाढीचा केससुद्धा ब्लेडच्या धारेचे कपचे पाडतो. केस वाकून तिरका दाबला गेला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची सूक्ष्म रचना असमान असली, की टवका उडतो. आपल्या रोजच्या कामात केसाहून वाईट वैरी पुठ्ठा. द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा उघडून बघा, त्यात खनिजांची बारीक भुकटी असते. दिवसभर पेट्या फाडल्या तर कोणतंही पोलाद संध्याकाळी रडतं. म्हणून माझं मत असं की ५६ ते ५८ च्या दरम्यानचं साधं पोलाद घ्यावं, जे हार्डवेअरच्या दुकानातल्या दुहेरी दगडावर दहा मिनिटांत पुन्हा उभं राहतं. बासष्टच्या पुढची महागडी पोलादं धार जास्त दिवस धरतात, यात वाद नाही. पण ती एकदा गेली की साध्या दगडाला दाद देत नाहीत, आणि मग तो चाकू ड्रॉवरमध्येच राहतो.

दगडावर कोन सांभाळायची एक युक्ती: पातं दोन सेंटिमीटर रुंद असेल तर पाठीखाली पेन्सिल सरकेल इतकी पाठ उचला. तो साधारण वीस अंशांचा कोन. दगड ओला ठेवा, घाई करू नका.

गंजणारं की न गंजणारं, हा प्रश्न इथे पेरूच सोडवतो. साध्या पोलादाने पेरू किंवा कैरी कापली की फोड काळी पडते. फळातलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळसर काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस घालून जुनी शाई करत तीच ही रसायनक्रिया. खाल्लं तर काही होत नाही, पण पाहुण्याला देववत नाही. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याचा काही नॅनोमीटरचा ऑक्साइड थर पात्यावर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा भरून येतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे हॅरी ब्रिअर्ली १९१३ मध्ये बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होते, त्यातून हे हाती आलं. १९२१ मध्ये एका स्विस चाकूवाल्या घराण्याने संस्थापकाच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावाला गंजत नाही या अर्थाचा फ्रेंच शब्द इनॉक्स जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं. आपल्याकडचा पावसाळा बघता खिशासाठी मी स्टेनलेसच सांगेन.

मुठीबद्दल थोडंच. लाकूड हाताला फार छान लागतं, पण एका जुलैत हरिहर किल्ला उतरताना माझ्या मित्राचा लाकडी मुठीचा चाकू फुगून असा बसला की नखाने उघडेना. कांदे-पोह्यांवर लिंबू दाताने फाडून पिळलं. प्लास्टिक किंवा नायलॉनची मूठ दिसायला गरीब, पण पाणी पीत नाही.

घडीचा चाकू म्हणजे मधोमध मुद्दाम मोडलेला चाकू. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाटला हाडाच्या मुठीचा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा सापडला आहे, आणि दुखणं तेव्हापासून तेच: उलटा जोर आला की बोटांवर मिटायचा. नुसत्या पाठीच्या स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू फळं, दोरी, पाकिटं यांना पुरतो. त्याने काही भोसकायला किंवा उचकटायला जायचं नाही. तसलं काम पडत असेल तर कुलूप असलेला घ्या. दुकानातच पातं उघडून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. नव्या चाकूत खडखड असेल तर परत ठेवा.

खटक्याचे, बटण दाबताच उघडणारे चाकू घेऊच नका. आपल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेती आणि उद्योगाच्या वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. म्हणजे खिशातला चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगणंही बंद होतं, आणि आदेशाच्या काळात पातं किती लहान आहे हे कोणी पट्टीने मोजत बसत नाही. मिरवणुकीला, निवडणुकीच्या दिवसांत चाकू घरी ठेवायचा. ओझरच्या विमानतळावरून विमान पकडायचं असेल तर तो चेक-इनच्या बॅगेत.

भाच्याने महिन्याभराने दुसरा चाकू आणला. सात सेंटिमीटरचं पातळ स्टेनलेस पातं, लाल नायलॉनची मूठ, खिशात आहे की नाही कळणार नाही असा. बागेत सुतळी कापायला आणि दुपारी काकडी चिरायला तोच चालतो. नक्षीचा चाकू तो आमच्याकडेच विसरला, की मुद्दाम ठेवून गेला, कोण जाणे. मामी आता त्याने नारळाचं खोबरं करवंटीपासून सोडवते. त्याला जाड पातंच लागतं.