इमल्सिफाइंग वॅक्स : क्रीम बनवणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

तेल आणि पाणी कितीही घुसळा, थोड्या वेळाने वेगळे होतात. इमल्सिफाइंग वॅक्स तेलाच्या बारीक थेंबांभोवती आवरण धरते, त्यामुळे ते पुन्हा एकत्र येत नाहीत. नुसत्या मधमाशीच्या मेणाने हे होत नाही. त्याने मलम घट्ट होते, पण पाणी धरून राहत नाही.

आमच्या पाकिटात सीटोस्टिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६० (तेल-पाणी एकत्र धरणारा घटक) आहे. हे अल्कोहोल मेणासारखे घट्ट असते. सॅनिटायझरमधल्यासारखे ते उडून जात नाही, त्वचाही कोरडी करत नाही. बाजारात याच नावाने सोडियम लॉरिल सल्फेट (शाम्पूत फेस आणणारा घटक) घातलेले वॅक्सही मिळते. एक्झिमा असलेल्या त्वचेवर, विशेषतः लहान मुलांच्या, त्याने आग होऊ शकते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये हाच घटक असलेल्या ॲक्वियस क्रीमबाबत (त्वचा मऊ ठेवणारी साधी क्रीम) तशी सूचना दिली होती. म्हणून वॅक्स कोणाकडूनही घ्या, पण लेबलवरचे घटक वाचूनच.

१०० ग्रॅम क्रीमसाठी : पाणी ७२, ग्लिसरीन ३, बदाम तेल १८, वॅक्स ६, फेनॉक्सिएथेनॉलवर आधारित प्रिझर्व्हेटिव्ह १ ग्रॅम. चमच्याने मोजू नका, वजन करा. ऊर्ध्वपातित पाणी आणि ग्लिसरीन एका भांड्यात, तेल आणि वॅक्स दुसऱ्यात घेऊन दोन्ही ७० ते ७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. दोन्ही एकत्र करून हँड ब्लेंडर दोन-तीन मिनिटे थांबत थांबत चालवा, मग थंड होईपर्यंत हलके ढवळा. ४० अंशांखाली आल्यावर प्रिझर्व्हेटिव्ह घाला. क्रीम सुरुवातीला पातळ वाटेल. घट्टपणा दुसऱ्या दिवशी येतो, तोवर वॅक्स वाढवू नका.

क्रीम फाटण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गरम तेलात गार पाणी ओतणे. वॅक्स तिथेच गोठते, दाणे पडतात. लगेच लक्षात आले, तर प्रिझर्व्हेटिव्ह घालण्याआधी सगळे पुन्हा ७० अंशांवर नेऊन घुसळा, बहुधा सावरते. चोळताना पांढरा थर उठत असेल, तर वॅक्स १ ग्रॅम कमी करून तितकेच पाणी वाढवा.

प्रिझर्व्हेटिव्ह वगळू नका. क्रीममध्ये पाणी आहे, त्यामुळे बुरशी आणि जिवाणू वाढतात, आणि जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. पॅराबेन प्रकारचे प्रिझर्व्हेटिव्ह वापरत असाल, तर पॉलिसॉर्बेटमुळे त्याची ताकद घटते, हे लक्षात ठेवा.

सीटोस्टिअरिल अल्कोहोलची ॲलर्जी क्वचित आढळते, पण आढळते. नवी क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून ४८ तास पाहा. खाज किंवा लाली आल्यास धुऊन टाका, वापर थांबवा. जखमेवर किंवा सोललेल्या त्वचेवर घरची क्रीम लावू नका.