क्लास ॲक्शन की एमडीएल? गप्प बसलात तर तुम्ही आत की बाहेर

औषधाचे दुष्परिणाम किंवा डेटा चोरीवरून अमेरिकेत हजारो लोक एकाच कंपनीविरुद्ध कोर्टात गेले, की बातम्यांत सरसकट ‘क्लास ॲक्शन’ छापून येतं. त्यातले पुष्कळ खटले असतात एमडीएल, म्हणजे मल्टिडिस्ट्रिक्ट लिटिगेशन.

क्लास ॲक्शन हा एकच खटला. एक-दोन वादी सगळ्यांच्या वतीने लढतात, पण आधी न्यायाधीशाने ‘क्लास’, म्हणजे सारखीच तक्रार असलेल्यांचा गट, मान्य करावा लागतो. फेडरल (केंद्रीय) कोर्टात त्यासाठी नियम २३ आहे: माणसं पुरेशी हवीत (४० साधारणपणे चालतात), प्रश्न सामायिक हवा, प्रतिनिधीची तक्रार इतरांसारखीच हवी आणि त्याने सगळ्यांचं हित नीट सांभाळायला हवं. पैशांची भरपाई मागायची तर सामायिक मुद्दे वैयक्तिक मुद्द्यांपेक्षा वरचढही ठरावे लागतात. दुखापतीचे दावे बहुधा इथेच अडतात. एकाने गोळी दोन महिने घेतली, दुसऱ्याने दहा वर्षं. तिसऱ्याला आधीपासूनच मधुमेह. ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांची अवाढव्य सामूहिक तडजोड सर्वोच्च न्यायालयात १९९७ मध्ये टिकली नाही, त्यामागे हेही एक कारण होतं.

असे दावे मग एमडीएलमध्ये जातात. १९६८ च्या कायद्यानुसार सात न्यायाधीशांचं पॅनेल देशभरातले खटले एका न्यायाधीशाकडे पाठवतं, तेही फक्त सुनावणीपूर्व कामासाठी. कागदपत्रं आणि जबान्या एकदाच घेतल्या जातात, दोन-चार नमुना खटले चालवून अंदाज घेतला जातो. वादी, वकील आणि फीचा करार मात्र ज्याचा त्याचा. उरलेले खटले मूळ कोर्टात परतायचे असतात. प्रत्यक्षात फार थोडे परततात.

महागात पडते ती दावा दाखल करण्याच्या मुदतीची गफलत. क्लास ॲक्शन दाखल झाली की मान्यता नाकारली जाईपर्यंत सभासदांच्या फेडरल कायद्याखालच्या वैयक्तिक दाव्याची मुदत थांबते (१९७४ चा निकाल). नुसत्या एमडीएलने ती थांबत नाही. स्वतःचा दावा वेळेत दाखल केला नाही तर तो बुडाला. उलट, क्लासमध्ये तुम्ही आपोआप असता. ऑप्ट-आउट केलं नाही, म्हणजे बाहेर पडत असल्याचं कळवलं नाही, तर तडजोड तुम्हालाही बांधते, आणि क्लेम फॉर्म भरायचा राहिला तर बऱ्याचदा पैसेही मिळत नाहीत.

दोन्ही एकत्रही येतात. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीतल्या २०१७ च्या डेटा चोरीचे खटले एमडीएल म्हणून अटलांटात गोळा झाले आणि मिटले ते क्लासच्या तडजोडीने. तिथे १२५ डॉलर रोख घेण्याचा पर्याय होता, पण त्यासाठी ठेवलेली एकूण रक्कम ३.१ कोटी डॉलर. अर्जांचा पाऊस पडला आणि वाटा आटला. त्यामुळे टपालाने आलेल्या नोटिशीवर ‘एमडीएल’ दिसलं तरी ऑप्ट-आउटची तारीख शोधा. ती असेल, तर नोटीस क्लासची आहे.