गाडी बुक करताना "दोन टन जास्त टाका" म्हणू नका

नमस्कार मंडळी. सिन्नर-अंबड एमआयडीसीचा माल आणि पिंपळगाव-लासलगावचा कांदा, दोन्ही भाडी आम्ही करतो, त्यामुळं एक प्रश्न रोजचाच, की दहा चाकी ट्रक २८ टनाचा आहे ना मग २८ टन माल का घेत नाही?

तर २८ टन हे पासिंग आहे. गाडी, बॉडी, डिझेल, ड्रायव्हर, माल सगळं धरून काट्यावर तेवढंच भरलं पाहिजे. रिकामी गाडीच ९-१० टन भरते, म्हणजे मालाला राहिले १८ टन, ५० किलोच्या गोण्या धरल्या तर ३६० गोणी कांदा. पूर्वी दहा चाकीचं पासिंग २५ टन होतं, २०१८ ला एक्सल लोड, म्हणजे चाकांच्या एका आसावर चालणारं वजन, वाढवून दिला तेव्हा २८ झालं, म्हणजे वाढीव मिळायचं ते मिळून गेलंय.

ओव्हरलोड सापडला तर २० हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवावा लागतो. पण खरं सांगू का, आम्हाला दंडापेक्षा कसारा घाटाची भीती जास्त आहे. भरलेली गाडी घाट उतरताना छोट्या गियरमध्ये इंजिनवर धरून आणावी लागते, वजन जास्त झालं की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवरून निघत नाही, ड्रम तापतात आणि मग ब्रेक दाबला तरी लागत नाही. एकदा पार्टीच्या आग्रहाखातर आम्ही तीन टन जास्त टाकले, अर्ध्या घाटात चाकातून धूर यायला लागला. ड्रायव्हर जुना होता म्हणून गाडी वेळेत बाजूला घेतली. त्या दिवसापासून काटा पावती बघितल्याशिवाय आमची गाडी निघत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

कागदांचं थोडक्यात. ई-वे बिलात, म्हणजे माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात, गाडी नंबर नीट टाका, गाडी बदलली तर पार्ट बी, म्हणजे गाडी नंबरचा भाग, लगेच अपडेट करा. बिलाला २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते, संपायच्या आधी किंवा नंतर ८ तासांत वाढवता येते. ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही. आणि कांद्याचं निघालंच आहे तर, त्यावर ताडपत्री घट्ट आवळू नका, हवा लागली नाही की माल घाम धरतो आणि सडतो.

बुकिंगच्या वेळी मालाचं खरं वजन आणि खाली करायचं ठिकाण सांगा, सहा चाकी लागेल का दहा चाकी ते आम्ही बघतो.