हृदयाचा अमायलॉइडोसिस

हृदयाच्या स्नायुपेशींमधल्या जागेत अमायलॉइड नावाचे चिवट, तंतुमय प्रथिन साठत जाऊन भिंती जाड व ताठ होण्याचा विकार. हृदयाचे आकुंचन सुरुवातीला बरेचसे शाबूत राहते. बिघडते ते सैलावणे. डावा खालचा कप्पा पुरेसा पसरत नाही, त्यात रक्त कमी भरते आणि मागे फुप्फुसांत, पायांत पाणी साचते. रोगी ‘दम लागतो, पाय सुजतात’ एवढेच सांगतो. ही तक्रार हृदयरोगाच्या ओपीडीत इतकी रोजची आहे, की हा रोग तिच्याआड वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

नाव चुकीच्या ओळखीतून पडले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये मेंदूतील काही कणांना आयोडीन लावले. ते पिठूळ पदार्थाप्रमाणे निळसर झाले, म्हणून ‘अमायलॉइड’, म्हणजे स्टार्चसारखे. पाचच वर्षांत हा पदार्थ मुख्यतः प्रथिन असल्याचे दिसले, पण नाव तोवर रुळले होते.

हृदयात साठणारे अमायलॉइड बहुतेक वेळा दोनपैकी एका प्रकारचे असते. पहिल्यात अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा, एक गट बेसुमार ‘लाइट चेन’ (प्रतिपिंडांचे लहान तुकडे) तयार करतो आणि त्यांचे तंतू बनतात. हा प्रकार ‘एएल’. तो फार वेगाने वाढतो. हृदय निकामी होऊ लागल्यावर उपचार मिळाले नाहीत, तर आयुष्य अनेकदा महिन्यांत मोजावे लागते. दुसऱ्यात दोषी असते ट्रान्सथायरेटिन. यकृतात तयार होणारे हे प्रथिन थायरॉइडचे संप्रेरक आणि जीवनसत्त्व ‘अ’ रक्तातून वाहून नेते. त्याचे चार तुकडे एकत्र राहतात तोवर ते निरुपद्रवी; सुटे झाले की वेडेवाकडे दुमडून तंतू बनवतात. जनुकात काहीही दोष नसताना हे उतारवयात घडते, मुख्यतः साठी-सत्तरीपुढच्या पुरुषांत. जनुकीय दोषामुळेही घडते. कोरिनो द आंद्रादे यांनी पोर्तुगालमधील अशा कुटुंबांचे वर्णन १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यात मुख्य आघात चेतातंतूंवर होता. हृदयाला धरणारा एक दोष आफ्रिकी वंशाच्या सुमारे ३ ते ४ टक्के अमेरिकनांत आढळतो, मात्र तो असलेल्या प्रत्येकाला रोग होत नाही.

निदानाचे धागे बऱ्याचदा हृदयाबाहेर सापडतात. दोन्ही हातांना मुंग्या येऊन कार्पल टनेलची, म्हणजे मनगटात दबलेली नस मोकळी करण्याची, शस्त्रक्रिया झालेली असते, तीही हृदयाची तक्रार सुरू होण्याच्या पाच-दहा वर्षे आधी. दंडातला बायसेप्सचा स्नायुबंध अचानक तुटतो आणि दंडावर गोळा येतो. मणक्यातली पोकळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येतात. एएल प्रकारात जीभ सुजून तिच्या कडांवर दातांचे ठसे उमटतात, डोळ्यांभोवती काळेनिळे डाग पडतात. सर्वांत बोलका धागा मात्र रोगी सहज बोलून जातो: “माझं बीपी आता आपोआप बरं झालं, गोळ्या बंद केल्या.” वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब असा विनाकारण ओसरला, तर अभिनंदन करण्याआधी इको बघावा.

इकोत भिंती जाड दिसतात. स्नायू जाड असेल तर ईसीजीतल्या लहरी उंच यायला हव्यात. इथे त्या बुटक्या येतात, कारण जाडी स्नायूची नसून साठलेल्या प्रथिनाची असते. हा विसंगतपणा फार मोलाचा, पण तो प्रत्येक रोग्यात नसतो, विशेषतः ट्रान्सथायरेटिन प्रकारात, म्हणून त्याच्या अभावावर विसंबता येत नाही. स्नायूच्या प्रत्येक भागाची हालचाल मोजणाऱ्या स्ट्रेन इकोत हृदयाचे टोक चांगले हलते आणि बुडाकडचा भाग मंदावलेला दिसतो. जाड भिंतींची इतरही कारणे असतात. भारतीय उपखंडात एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ अक्षरांचा लोप सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि हृदयस्नायूच्या विकारांशी त्याचा संबंध असल्याचे २००९ मध्ये दाखवले गेले. त्यामुळे जाड भिंत म्हणजे अमायलॉइड, असा उलटा उतावीळपणाही नको.

शंका आली की पुढच्या तपासण्यांचा क्रम पाळायलाच हवा. आधी रक्त व लघवीत जादा लाइट चेन आणि प्लाझ्मा पेशींच्या एकाच गटाने बनवलेले एकसाची प्रथिन शोधायचे. ते सापडले नाही, तर हाडांच्या स्कॅनसाठी वापरले जाणारे किरणोत्सारी टेक्निशियमयुक्त पायरोफॉस्फेट टोचून हृदयाचा स्कॅन करतात. हृदय बरगड्यांइतके किंवा त्याहून जास्त उजळले आणि रक्त-लघवीच्या तपासण्या निर्दोष असल्या, तर बायोप्सीशिवाय ट्रान्सथायरेटिन प्रकाराचे निदान करता येते. १,२१७ रोग्यांवरील अभ्यासाने हे २०१६ मध्ये सिद्ध केले. खरी चूक होते ती रक्त न तपासता नुसत्या स्कॅनवर थांबण्यात. एएल प्रकारातही स्कॅन उजळू शकतो, आणि ज्याला ताबडतोब केमोथेरपी हवी तो रोगी भलत्याच औषधावर राहतो. रक्तात दोष सापडला तर बायोप्सी अटळ. ऊतकाला काँगो रेड, म्हणजे मुळात सुती कापडासाठी बनवलेला रंग, लावून ध्रुवित प्रकाशात पाहिले की अमायलॉइड हिरवट चमकते.

उपचारांत पहिले पथ्य नेहमीच्या गोळ्यांचे. ताठ हृदय दर ठोक्याला ठरावीकच रक्त फेकू शकते, त्यामुळे गरज भागते ती ठोके वाढवून. बीटा ब्लॉकरने ठोके कमी केले की असा रोगी खचतो. हृदयाची डिगॉक्सिन, व्हेरापामिल ही औषधेही तशीच: पहिले जपून, दुसरे शक्यतो नाहीच. लघवीच्या गोळ्या हाच मुख्य आधार, पण त्याही मापात. ठोके अनियमित झाले तर रक्त पातळ ठेवणारे औषध लागते, कारण वरच्या कप्प्यांत गुठळ्या सहज होतात.

एएल प्रकारात प्लाझ्मा पेशींवर मारा करतात; त्यासाठीच्या बॉर्टेझोमिब या औषधाच्या जोडीला डाराटुमुमॅब आल्यापासून चित्र बरेच बदलले आहे. ट्रान्सथायरेटिनचे चार तुकडे एकत्र बांधून ठेवणारे टाफामिडिस हे औषध ४४१ रोग्यांवर ३० महिने तपासले गेले: मृत्यूचे प्रमाण नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ४२.९ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत २९.५ टक्के होते. अकोरामिडिस त्याच मार्गाने काम करते, तर व्हुट्रिसिरान यकृतातले प्रथिनाचे उत्पादनच दाबते. ही औषधे प्रचंड महाग आहेत. शिवाय ती नवी भर रोखतात. आधी साठलेले काढत नाहीत, म्हणून पायऱ्या चढताना दम लागण्याच्या टप्प्यावर ती जितकी उपयोगी, तितकी अंथरूण धरल्यावर नाहीत. अमेरिकेत याच कारणाने हृदयाऐवजी मनगटापासून सुरुवात करून पाहिली गेली. कार्पल टनेलची शस्त्रक्रिया झालेल्या ९८ जणांचे एरवी कचऱ्यात जाणारे ऊतक तपासले, तेव्हा १० जणांत अमायलॉइड निघाले आणि त्यांतल्या दोघांच्या हृदयापर्यंत ते पोचलेलेही होते.