फेलओव्हरचे बटण कोणाच्या हातात? मुंबईतल्या वादाची पार्श्वभूमी

2021 मध्ये मुंबईतला एक शेअर बाजार चार तास बंद पडला, तरी काम दूरच्या शहरातल्या पर्यायी यंत्रांवर नेले गेले नाही. तो निर्णय बरोबर होता का, हा वाद. एक यंत्र पडले की शेजारच्याने आपोआप काम उचलायचे, म्हणजेच फेलओव्हर, ही सोय नवी नाही. असे संगणक अमेरिकेत 1976 पासून मिळत होते आणि बँकांनी ते लवकर उचलले. 1994-95 मध्ये मुंबईतले शेअर व्यवहार पडद्यावर आले, तेव्हा हा विषय इथेही आला. पण दोन्ही यंत्रे एकाच छताखाली असली तर छतच गेल्यावर काय? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, तेव्हा दुसरी साइट, म्हणजे यंत्रांचे दुसरे केंद्र, दुसऱ्या शहरात का हवी, हे कोणाला वेगळे समजवावे लागले नाही.

दूरच्या शहरामुळे मात्र एक नवा पेच आला. मुंबई-चेन्नई अंतर हजार किलोमीटरच्या वर. फायबरमधून सिग्नल जाऊन यायला किमान 10 मिलिसेकंद लागतात. प्रत्येक सौदा तिकडे लिहून झाल्याशिवाय पुढे सरकायचे नाही असे ठरवले, तर बाजार रेंगाळेल. म्हणून लांबची प्रत नेहमी थोडी मागे असते. डेटाचे नुकसान शून्य हवे असेल, तर शहरातच जवळची तिसरी साइट लागते.

शिवाय हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा यंत्रांनी एकमेकांना सतत पाठवायचा सिग्नल, थांबला म्हणजे समोरचा सर्व्हर मेलाच असे नाही, मधली लिंकही तुटलेली असू शकते. अशा वेळी दोन्ही बाजू स्वतःला मालक समजून लिहायला लागल्या की झाला स्प्लिट ब्रेन, आणि मग हिशेब जुळवत बसा. म्हणून एका खोलीतला फेलओव्हर यंत्रावर सोडतात, शहर बदलण्याचा निर्णय माणसाकडे ठेवतात.

वादाचे मूळ इथेच आहे. 24 फेब्रुवारी 2021 ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे (एनएसई) व्यवहार सकाळी 11:40 ला थांबले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक एकदमच डळमळल्या. कारण पुढे आले ते अस्सल मुंबईचे: मुख्य आणि जवळच्या साइटमधल्या रस्त्यावरचे खोदकाम. लिंक डळमळताच मुख्य साइटचे स्टोरेज सर्व्हरना दिसेनासे झाले आणि जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली. नुकसान शून्य ठेवण्यासाठी केलेल्या व्यवस्थेनेच मुख्य साइट पाडली. मॉनिटरिंग होते, दूरच्या शहरातली डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे आपत्तीत वापरायची) साइट होती, पण तिच्यावर जायचे नाही असे ठरले. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी 3:45 ला आणि 5 पर्यंत चालले. शहरातला दुसरा बाजार, बीएसई, मात्र दिवसभर चालू होता.

हा निर्णय बरोबर होता का? दुरुस्ती आता होईल, मग होईल असे वाटत असताना अर्धवट डेटावर उडी कशाला, ही बाजू पोकळ नाही. पण चार तास उलटले तरी ‘आता होईल’ म्हणत राहणे म्हणजे सावधपणा नव्हे, ती टाळाटाळ. उघडे सौदे अडकलेल्या गुंतवणूकदाराला त्या फरकाचे पैसे मोजावे लागतात.

शेअर बाजारांच्या नियामकाने, सेबीने, महिनाभरातच घड्याळ लावले: बिघाडानंतर 30 मिनिटांत ‘आपत्ती’ जाहीर करायची, त्यानंतर 45 मिनिटांत डीआरवर काम सुरू करायचे आणि 15 मिनिटांहून जास्त डेटा गमवायचा नाही. बटण माणसाकडेच राहिले, फक्त विचार करायची मुदत संपली. 2 मार्च 2024 च्या शनिवारी तर खऱ्या सौद्यांवरच तालीम झाली: सकाळी पाऊण तास मुख्य साइटवर आणि साडेअकरापासून तासभर डीआरवर.

लहान धंद्यांना हे सारे परवडू लागले ते 2016 नंतर, एका मोठ्या क्लाउड कंपनीने मुंबईत दोन झोन, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र डेटा सेंटर, उघडल्यावर. शहरातल्या शहरात झोन बदलणे तिथे आपोआप होऊ शकते. त्याच कंपनीचे हैदराबाद केंद्र 2022 मध्ये आले. तिकडे जायचे की नाही आणि कधी, हे मात्र अजून गिऱ्हाइकानेच ठरवून ठेवायचे असते.