अल-मघतस

अल-मघतस ही जॉर्डन देशात यार्देन (जॉर्डन) नदीच्या पूर्व काठावरची जागा, मृत समुद्रापासून उत्तरेला साधारण ९ किमी. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूला बाप्तिस्मा (पाण्यात उतरवून करायचा धार्मिक संस्कार) दिला तो इथेच अशी फार जुनी श्रद्धा आहे, आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात यार्देनेपलीकडचं बेथानी गाव येतं ते हेच मानतात (येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचं बेथानी जेरुसलेमजवळचं, ते वेगळं, दोन्हींत नेहमी घोळ होतो). २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं.

जाताना एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी, बाप्तिस्म्याच्या जागेवरचं जुनं चर्च बघायला नदीत डोकावायचं नाही, कारण नदीने पात्र बदललं आणि ती पश्चिमेला सरकली. त्यामुळे जिथे भाविक पाण्यात उतरायचे ती जागा आता झाडीत, नदीपासून जराशी आत आहे. वर छप्पर घातलंय, खाली चर्चचे पाये, फरशीचे तुकडे आणि पाण्याकडे उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्या. एकावर एक चर्च बांधली गेली, पूर आणि भूकंपाने पडली, की परत तिथेच बांधली.

ही जागा नेमकी सापडली कशी तर जुन्या यात्रेकरूंच्या लिखाणावरून, आणि मला यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं. ३३३ साली फ्रान्समधल्या बोर्दोहून आलेल्या एका यात्रेकरूने बाप्तिस्म्याची जागा मृत समुद्रापासून पाच मैलांवर असल्याचं लिहून ठेवलं आणि जवळच्या टेकडीवरून बायबलमधला संदेष्टा एलीया स्वर्गात गेला हेही सांगितलं. सहाव्या शतकात थिओडोसियस नावाच्या यात्रेकरूने बायझंटाइन सम्राट अनास्तासियसने बांधलेलं चर्च आणि लोखंडी क्रूस बसवलेला संगमरवरी खांब पाहिला, नंतर ५७० च्या सुमारास इटलीतल्या पिआचेंझाहून आलेल्या यात्रेकरूने पाण्यात उतरणाऱ्या संगमरवरी पायऱ्यांचं वर्णन केलं. जॉर्डनमधल्या मादाबा गावच्या चर्चमधल्या त्याच काळातल्या मोझेक नकाशातही हा भाग आहे, त्यात यार्देनेतला एक मासा मृत समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून चक्क मागे फिरताना दाखवलाय.

१९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर मात्र हा सगळा पट्टा लष्करी झाला, सुरुंग पेरले गेले, कोणी जाऊच शकत नव्हतं. १९९४ च्या जॉर्डन-इस्रायल करारानंतर सुरुंग काढले आणि १९९६ पासून उत्खनन सुरू झालं. एलीयाच्या टेकडीवर मठ, चर्च, गुहा आणि बाप्तिस्म्याची कुंडं निघाली, पाणी पाइपांनी आणलेलं. पोप जॉन पॉल दुसरे २००० मध्ये आले, पुढे २००९ ला बेनेडिक्ट आणि २०१४ ला फ्रान्सिस.

आज अम्मानहून तासाभरात पोचता येतं. गाडी गेटवर ठेवायची, पुढे तिथल्याच बसने आणि गाइडबरोबर जायचं, शेवटचा टप्पा झाडीतून पायी. नदीकाठ समुद्रसपाटीच्या जवळपास ४०० मीटर खाली, त्यामुळे उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, नोव्हेंबर ते मार्च जावं. नदी पाहून बरेच जण गप्प होतात कारण ती काही मीटर रुंद आणि मातकट आहे, वरच्या भागात धरणं आणि पंप लावून तिचं बहुतेक पाणी इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया उचलतात. पलीकडे कस्र अल-यहूद, वेस्ट बँकमध्ये इस्रायलच्या ताब्यात. दोन्ही काठांवर पांढरे झगे घातलेले लोक पाण्यात उतरतात, एकमेकांचं गाणं ऐकू येतं, पण ओलांडून जायची परवानगी नाही, सीमा नदीच्या मधूनच जाते.

वसई आणि गोव्याकडून होली लँड टूरला जाणारे बरेच जण पलीकडच्या काठावरच जातात. जॉर्डनमधून जाणाऱ्या टूरमध्ये अल-मघतस आहे की नाही हे बुकिंग करतानाच विचारावं, अर्धा दिवस तरी ठेवावा आणि एलीयाची टेकडी वगळू देऊ नये.